गोळ्या गेल्या, डबा राहिला!

मराठी घरात डबा कधी रिटायर होत नाही. डालडा 1937 साली बाजारात आला आणि तेव्हापासून त्या पिवळ्या डब्याचं खरं करिअर तूप संपल्यावर सुरू व्हायचं. आधी त्यात डाळ, मग खिळे, मग तुळस! निळ्या गोल डब्यात बिस्किटं मिळतील म्हणून झाकण उघडावं आणि आतून सुई-दोरा, बटणं निघावीत, हा पोपट तर बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येकाचा लहानपणी झालाय. आणि पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांनी किती चाळींचं पाणी भरलं असेल, त्याचा हिशोबच नाही.

तर मंडळी, डब्यांच्या याच खानदानातल्या एका दणकट पाहुण्याची आज ओळख करून घेऊ. याचं नाव अ‍ॅम्युनिशन कॅन, लाडाने ‘अ‍ॅमो कॅन’. म्हणजे बंदुकीच्या गोळ्या भरून पाठवायचा लष्करी पत्र्याचा डबा. दचकू नका, गोळ्या कधीच संपल्यात! अमेरिकेत हे रिकामे डबे लष्करी सरप्लसच्या दुकानांत एकावर एक रचून विकायला असतात. तिथली मंडळी त्यात पाने-पक्कडींपासून मासे पकडायच्या गळापर्यंत काहीही ठेवतात.

आता तुम्ही म्हणाल, अंधेरीच्या वन बीएचकेत याचं काय काम? सांगतो. हा डबा एकाच गोष्टीसाठी जन्माला आला : चिखलात पडो, पावसात भिजो, आतला माल कोरडा राहिला पाहिजे. आणि पाऊस म्हणजे काय, हे आपल्या उपनगरांना कुणी शिकवायची गरज आहे का?

डब्याचा बायोडेटा

या जमातीतला सुपरस्टार म्हणजे अमेरिकन सैन्याचा ‘एम2ए1’. पन्नास कॅलिबरच्या मशिनगनच्या 100 गोळ्यांचा पट्टा यात बसतो. बाहेरून साधारण 30 सेंटिमीटर लांब, 15 रुंद आणि 19 उंच. रिकामा असताना वजन अडीच किलोच्या आसपास. त्याचा सडपातळ धाकटा भाऊ ‘एम19ए1’. लांबी-उंची जवळपास तीच, रुंदी मात्र जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. मोठा भाऊ ‘पीए120’. हा 40 मिलिमीटरच्या ग्रेनेडचा, त्यामुळे आतून चांगला 44 सेंटिमीटर लांब आणि 24 उंच. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

आणि हे सगळं सातासमुद्रापार आहे असंही समजू नका. भुसावळ म्हटलं की आपल्याला केळी आणि रेल्वे जंक्शन आठवतं. पण तिथे 1949 पासून सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आणि दारूगोळा भरायचे पत्र्याचे डबे, ड्रम बनवणं हे तिचं जुनं काम. त्याच तालुक्यातल्या वरणगावच्या फॅक्टरीत 1964 पासून बंदुकीच्या गोळ्या बनतात. म्हणजे गोळी आणि डबा, दोघंही खान्देशचेच! 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हा वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे.

लष्करी डब्याने घरात घुसणं हेही काही नवं नाही. आपण पाण्याला, डिझेलला जो जेरीकॅन वापरतो ना, तो मुळात 1930 च्या दशकातला जर्मन सैन्याचा कॅन. ‘जेरी’ हे इंग्रज सैनिकांनी जर्मनांना ठेवलेलं टोपणनाव. शत्रूचा डबा इतका भारी निघाला की त्यांनी तो उचलला आणि नावही तेच ठेवलं. उद्या टँकर आला की बिल्डिंगखाली नीट बघा, दुसरं महायुद्ध रांगेत उभं असतं!

फंडा काय आहे?

तसा साधा पत्र्याचा चौकोनी डबा. मग याचं एवढं कौतुक का? तीन गोष्टींसाठी.

एक, रिंग. झाकणाच्या आत चारही बाजूंनी रबराची जाड पट्टी असते. प्रेशर कुकरच्या रिंगसारखीच. दोन, खटका. बाजूची कडी दाबली की झाकण त्या रबरावर घट्ट बसतं आणि हवा-पाणी दोन्ही बंद. तीन, मूठ. झाकणावरच हँडल. त्यामुळे भरलेला डबा एका हाताने उचलता येतो. दुसरा हात मोकळा राहतो छत्रीला, जिन्याच्या कठड्याला किंवा आजीला धरायला.

ट्रंक मोठी असते, पण उचलायला दोघं लागतात आणि फटीतून पाणी शिरतंच. प्लास्टिकचे नेहमीचे डबे हलके, पण झाकण उघडतं आणि पालीपासून झुरळापर्यंत सगळे आत. या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला डबा आपल्या घरात बहुधा नसतोच.

डबा जुना असेल तर आधी परीक्षा घ्या. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, खटका लावा आणि बादलीत दहा मिनिटं दाबून धरा. दाबूनच धरावा लागेल, कारण रिकामा एम2ए1 तरंगतो! बुडबुडे आले किंवा टिश्यू ओला झाला तर रबर गेलं. भेग पडलेलं, दगडासारखं कडक झालेलं रबर बदलायचं, नाहीतर त्या डब्याला साधी कामं द्यायची.

मग ठेवायचं काय?

*कॅमेरा आणि लेन्स :* जूनमध्ये कपाटात ठेवलेली लेन्स गणपतीत काढली की आत बुरशीचं जाळं! फोटोग्राफीचा नाद असलेल्या प्रत्येकाला हा धसका असतो. स्पंजचे तुकडे कापून डब्यात बसवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, पण निळं नको. त्यात कोबाल्ट असतं. केशरी मिळतं, ते घ्या. रंग बदलला की साधारण 120 डिग्रीच्या ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं.

*आई-बाबांच्या कॅसेट :* टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही, बरोबर? एम2ए1 मध्ये कव्हरसकट 16 कॅसेटची एक रांग, अशा दोन थरांत 32 कॅसेट आरामात बसतात. टेपलाही बुरशी लागते, त्यामुळे इथेही जेलची पुडी हवीच.

*घरची हत्यारं :* पक्कड, पाना, टेस्टर, ड्रिलची बिट्स, स्क्रू. सडपातळ एम19ए1 याच कामासाठी बनलाय जणू. दाराआडच्या फटीत उभा राहतो आणि गंज लागत नाही.

*बत्ती गुल डबा :* मेणबत्त्या, काडेपेटी, टॉर्च, शिट्टी, थोडे सुट्टे पैसे, घरातल्यांची औषधं आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून. हो, कागदावर! मोबाइलची बॅटरी मेली की स्वतःच्या बायकोचाही नंबर आठवत नाही आपल्याला.

*सणांचं सामान :* गणपतीच्या एलईडी माळा एका डब्यात, रांगोळीचे रंग दुसऱ्यात. एकत्र नको, नाहीतर दिवाळीला माळा गुलाबी निघतील!

*बुलेटचे डबे :* लडाखला निघालेल्या बुलेटवाल्यांचं हे जुनं प्रेम. दोन्ही बाजूंना एकेक डबा कसला की झाल्या पेट्या. मात्र दोन्हीकडे वजन सारखं हवं आणि मजबूत फ्रेमशिवाय हा खेळ नको.

*बाल्कनीतली कुंडी :* रिंग गेलेल्या डब्याला पेन्शन म्हणून हे काम. तळाला चार-पाच भोकं पाडा आणि फुलझाड लावा. मिरची-कोथिंबीर नको, का ते पुढे येतंय.

आता मुद्द्याचं

वरचं सगळं हौसेचं झालं. पण या डब्याचं असं एक काम आहे, ज्याला हौस म्हणता येणार नाही.

26 जुलै 2005. सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला 75 सुद्धा नाही! म्हणजे आभाळ कोसळलं ते उपनगरांवर. मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या आपल्याकडे नद्या आहेत, हे अनेकांना त्या दिवशी कळलं. 29 ऑगस्ट 2017 ला पुन्हा सांताक्रूझला 331 मिलिमीटर. तळमजल्यावरच्या घरांत अशा वेळी पाणी आधी कुठे जातं? बेडखाली आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. आणि आपण कागदपत्रं कुठे ठेवतो? बेडखाली आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात!

टीव्ही, फ्रिज, गादी पुन्हा घेता येते. पण फ्लॅटचं ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट? सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट? जुन्या मालकापासूनच्या अ‍ॅग्रीमेंटची अख्खी चेन? पेपरातल्या ‘जाहीर नोटीस’ कधी वाचल्यात? ‘आमच्या अशिलाचे मूळ करारपत्र गहाळ झाले आहे’ असं रोज कुणीतरी छापून आणत असतं. पोलिसांकडे तक्रार, वकील, नोटीस, मग डुप्लिकेटसाठी फेऱ्या. घर विकायचं किंवा लोन घ्यायचं तर बँक आधी ओरिजिनल मागते.

वस्तीत आणि बैठ्या चाळीत राहणाऱ्यांसाठी तर प्रकरण आणखी गंभीर. एसआरएच्या पात्रतेत 1 जानेवारी 2000 ही तारीख मोलाची. त्याआधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर मोफत घराचा हक्क. त्यानंतरचे, पण 1 जानेवारी 2011 पर्यंतचे असतील तर पैसे भरून घर. पुरावा म्हणजे काय? जुनं लाइट बिल, फोटोपास, मतदार यादीतला उतारा. घाटकोपर-भांडुपच्या डोंगरउतारावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला तो पिवळट कागद म्हणजे उद्याचं घर आहे. कागद भिजला की घरच वाहून गेलं.

‘पण आपलं तर सगळं डिजिलॉकरमध्ये आहे ना!’ असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. डिजिलॉकर 2015 पासून आहे आणि उत्तम आहे. आधार, लायसन्स, बऱ्याच मार्कशीट त्यात मिळतात. त्या भिजल्या तरी चालतील. पण बाबांच्या काळातलं स्टॅम्पपेपरवरचं अ‍ॅग्रीमेंट किंवा 1995 चं लाइट बिल तिथे आपोआप येणार नाही. तुम्ही स्कॅन करून टाकलंत तरी ती कॉपीच. म्हणून डिजिलॉकरमध्ये जे नाही, ते डब्यात. साधा नियम.

डबा भरायचा कसा?

आता ते आकडे आठवा. एम2ए1 आतून जेमतेम 28 सेंटिमीटर लांब आहे. ए4 कागद 29.7. म्हणजे न दुमडता आडवा बसणारच नाही! पासपोर्ट, पासबुकं, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, दुमडलेली बिलं यांना तो झकास. पण अ‍ॅग्रीमेंट लीगल साइजचं, 35 सेंटिमीटरच्या वर, आणि बाइंड केलेलं. त्याला थोरला पीए120 हवा. त्यात ते उभं राहतं. कुठलाही डबा घेण्याआधी घरातला सगळ्यात मोठा कागद मोजा, मग डबा मोजा.

भरायचा दिवस कोरडा निवडा. एप्रिल-मे बेस्ट. घट्ट डबा बाहेरची दमट हवा अडवतो, तसाच आतली दमट हवा बाहेर जाऊ देत नाही. जुलैत भरलात तर बुरशीला एसी रूम दिल्यासारखं होईल. प्रत्येक कागद झिपवाल्या पाउचमध्ये, सोबत सिलिका जेल आणि वर एक यादी : आत काय-काय आहे.

डबा ठेवायचा दारापासून हात लांबवता येईल अशा उंच जागी. लॉफ्टच्या आतल्या कोपऱ्यात नको, पाणी शिरत असताना स्टूल शोधणार कोण? एम2ए1 एवढा डबा भरून सात किलोच्या आत असेल तर पाण्यावर तरंगतो. पण तरंगतो म्हणजे वाहूनही जातो! हँडलला दोन मीटर नायलॉनची दोरी बांधून ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की पाणी आलं तर आधी माणसं, मग डबा, बाकी राहू द्या.

हो, एक सांगायचं राहिलं. हा डबा पाण्याला दाद देत नाही, आगीला देतो. पातळ पत्रा तापला की आतला कागद करपतो. त्यामुळे दागिन्यांना बँकेचा लॉकरच आणि कागदांच्या स्कॅन कॉपी वेगळ्या जागी हव्यातच.

हे मात्र नको म्हणजे नको

*खायचं काही ठेवू नका.* जुन्या डब्यात शिसं आणि रसायनांचे कण असू शकतात. लाडू-चकली राहू दे, डाळ-तांदूळही नाही. म्हणूनच कुंडीत भाजी नको. हातमोजे घालून साबणाने धुवा. जुना रंग कोरडा घासू नका, ती धूळ नाकात जाते. ओल्या पॉलिशपेपरने घासा.

*फटाके, पेट्रोल, थिनर, पॉवर बँक नको.* घट्ट बंद पोलादी डब्यात आग किंवा गॅस तयार झाला तर तो डबा राहत नाही, बॉम्ब होतो. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजातला दारूगोळा फुटला होता. अग्निशमन सप्ताह दर वर्षी 14 एप्रिललाच का सुरू होतो, हे आता लक्षात ठेवा.

*आत काही खुळखुळलं तर हात लावू नका.* जिवंत काडतूस लायसन्सशिवाय बाळगणं आर्म्स अ‍ॅक्ट, 1959 खाली गुन्हा आहे. ‘सुव्हेनिर’ म्हणून शोकेसमध्ये नको. सरळ 112 ला फोन करा.

*गोळ्यांची छापील अक्षरं तशीच ठेवू नका.* दिसतात कूल, मान्य. पण 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, ते हे शहर विसरलेलं नाही. ऑलिव्ह ग्रीन डबा घेऊन घाटकोपरच्या मेट्रोच्या स्कॅनरवर उभे राहिलात तर ऑफिसला लेट मार्क नक्की! घरी आणला की रेड ऑक्साइडचा हात आणि वर मस्त पिवळा किंवा निळा इनॅमल. अंधारात सापडतोही पटकन.

मिळेल कुठे?

खरं सांगायचं तर सहजासहजी नाही. सैन्याचं भंगार बहुतेक करून एमएसटीसीच्या ई-लिलावात लॉटने विकलं जातं, तिथून व्यापाऱ्यांकडे. मग एखादा डबा मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात नशिबाने समोर येतो. आलाच, तर रंगाकडे बघू नका. झाकण उघडून रबर बघा, खटका तीनदा लावून बघा आणि मगच घासाघीस सुरू करा.

नाही मिळाला? हरकत नाही. आपल्याला गोळ्यांशी घेणंदेणं नाहीच, आपल्याला हवी ती रिंग, खटका आणि मूठ. रबर रिंगचे, क्लिपवाले प्लास्टिकचे ड्राय बॉक्स ऑनलाइन आणि ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतात. बादलीची परीक्षा त्यांनाही द्यायला लावा. शिवाय त्यांना गंज नाही आणि सिक्युरिटीवाला भुवया उंचावत नाही.

येत्या रविवारी एवढंच करा. उशिरा उठा, पोहे खा आणि मग आई-बाबांना विचारा, ‘घराचे कागद कुठे आहेत?’ उत्तर ऐकून पोटात गोळा आला, तर समजा डब्याची वेळ झाली. गोळ्यांचा डबा आहे, गोळा आलेल्यांनाच द्यायचा!